सरकारी शाळेतील कलाशिक्षणाची मानके : वाचायची कशी, वापरायची कशी

शिक्षणाच्या व्यवहारात मानक म्हणजे एका ठरावीक टप्प्याच्या अखेरीस प्रत्येक मुलाला काय समजलेले असावे आणि काय करता यावे, याविषयी शासनाने किंवा अधिकृत शैक्षणिक संस्थेने जाहीरपणे केलेले विधान होय. गणितात आणि भाषेत अशी अपेक्षा असते हे पालकही जाणतात, कारण तिसरीतल्या मुलाला हातच्याची बेरीज जमेना की घरात काळजी सुरू होते. परंतु पाचवी पूर्ण केलेल्या मुलाला चित्रकलेत, संगीतात, नाट्यात किंवा नृत्यात काय यायला हवे असे विचारले तर पालकांनाच काय, पुष्कळ शिक्षकांनाही उत्तर सुचत नाही, आणि कलेचा तास ज्या सहजपणे गणिताच्या उजळणीला किंवा शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाला दिला जातो त्याचे एक मोठे कारण हेच आहे. ज्या विषयात काय राहून गेले हे सांगता येत नाही, त्या विषयाचा तास बुडाल्याची तक्रारही कोणाला करता येत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या शाळांतील शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना ही मानके रोजच्या कामात कशी उपयोगी पडतील, याचा विचार येथे केला आहे.

सध्या लागू असलेली रचना आधी समजून घ्यावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्याच्या आधारे महाराष्ट्राने 2024 मध्ये स्वतःचा राज्य अभ्यासक्रम आराखडा तयार केला. राष्ट्रीय आराखड्यात प्रत्येक विषयाची मांडणी उतरत्या क्रमाने केलेली आहे. प्रथम अभ्यासक्रमीय ध्येये येतात, म्हणजे त्या स्तरावर विषयाने मुलाला कोणत्या दिशेने न्यायचे याची व्यापक विधाने; त्याखाली क्षमता येतात, म्हणजे ते ध्येय गाठण्यासाठी मुलाच्या अंगी यावयाच्या गोष्टी; आणि शेवटी अध्ययन निष्पत्ती येतात, म्हणजे क्षमतेकडे जाताना वर्गात प्रत्यक्ष दिसू शकतील अशा पायऱ्या. कलाशिक्षणात दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य व हालचाल ही चार अंगे धरलेली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2024 मध्ये तिसरीसाठी काढलेले ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी काढलेले ‘कृति’ ही पुस्तके याच चार अंगांवर उभी आहेत, तर बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी काढलेल्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र गुंफलेले आहे. शिक्षकाने वर्षाच्या आरंभी या पुस्तकांतील उपक्रमांची यादी करण्याआधी आपल्या वर्गाच्या स्तराची ध्येये आणि क्षमता एकदा पूर्ण वाचाव्यात. हे वाचन फार तर एका दुपारचे काम आहे, आणि ते झाले नाही तर उपक्रम हाच विषय होऊन बसतो.

मानकांची गरज सर्वच शाळांना असली तरी सरकारी शाळेत तिचे वजन वेगळे आहे. ज्या कुटुंबाला परवडते ते कुटुंब मुलाला तबल्याच्या, भरतनाट्यमच्या किंवा चित्रकलेच्या वर्गाला पाठवते आणि शाळेतली उणीव बाहेरून भरून काढते. ऊसतोडणी कामगाराच्या, शेतमजुराच्या किंवा शहरातल्या घरकामगाराच्या मुलाला ही वाट उपलब्ध नसते. त्याच्यासाठी कलेचे रीतसर शिक्षण शाळेत मिळाले तर मिळाले, नाहीतर मिळालेच नाही. अशा मुलाच्या बाजूने मानक हा एक लेखी हक्क आहे, आणि हा लेख मानकांकडे मुख्यतः त्याच अर्थाने पाहतो. मुलांची प्रतवारी लावण्याचे साधन म्हणून ती वाचली गेली तर ज्या मुलांसाठी त्यांची सर्वाधिक गरज आहे तीच मुले पहिल्यांदा मागे पडतील.

याबाबत अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा अनुभव शिकण्यासारखा आहे. तेथे 1994 मध्ये कलाशिक्षणाची पहिली राष्ट्रीय मानके तयार झाली, आणि त्याच वर्षी तेथील संगीत शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांच्या जोडीला संधीची मानके प्रसिद्ध केली. पहिल्या प्रकारच्या मानकांत मुलाला काय यावे हे सांगितलेले असते, तर संधीच्या मानकांत ते येण्यासाठी शाळेने किती वेळ, कोणता शिक्षक, कोणती वाद्ये आणि कशी जागा दिली पाहिजे हे सांगितलेले असते. मात्र दोन्ही प्रकारची मानके ऐच्छिक होती. पुढे 2001 च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने कलेला मुख्य विषयांच्या यादीत स्थान दिले खरे, परंतु तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी सक्तीच्या चाचण्या ठेवल्या त्या वाचन आणि गणिताच्या, आणि शाळांचे मूल्यमापन त्या निकालांवर होऊ लागल्यामुळे अनेक जिल्ह्यांत कलेच्या तासांना कात्री लागली. 2014 मध्ये मानकांची नव्याने मांडणी झाली तेव्हा निर्मिती, सादरीकरण, आस्वाद व प्रतिसाद आणि जीवनाशी जोडणी अशा चार प्रक्रिया त्यांच्या केंद्रस्थानी आल्या. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे आणि कोणत्याही देशातील शिक्षकाला उपयोगी पडेल. तरीही वेळापत्रक, शिक्षक आणि साहित्य यांची हमी नसलेले मानक कागदावरच राहते, हा 1994 नंतरच्या अनुभवाचा निष्कर्ष तिने बदलत नाही.

भारतात संधीच्या बाजूचा आधार अगदीच नाही असे नाही, पण तो अपुरा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट शंभरहून अधिक असेल तेथे कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ काम करणारे विषय-शिक्षक, असणे आवश्यक आहे. ज्या शाळेचा पट ही मर्यादा ओलांडतो तेथे व्यवस्थापन समितीने निदेशक आहेत का, नसल्यास मागणी केव्हा आणि कोणाकडे केली, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, कारण तोंडी केलेल्या मागणीचा पुढे माग लागत नाही. वाडीवस्तीवरील लहान शाळा मात्र या तरतुदीच्या बाहेर राहतात आणि पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी तर अशी तरतूदच नाही; तेथे कला शिकवायची ती वर्गशिक्षकानेच, ज्याने स्वतः कदाचित कधी सूर लावलेला नसतो की कुंचला हाती धरलेला नसतो. मानकांची मांडणी उपयोगी पडते ती अशाच शिक्षकाला, कारण आपल्याला चांगले चित्र काढता येत नाही म्हणून आपण कला शिकवू शकत नाही ही त्याची समजूत मानके नीट वाचल्यावर टिकत नाही.

महाराष्ट्रात मानकांविषयीचा आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड ड्रॉइंग परीक्षा कित्येक पिढ्यांच्या परिचयाच्या आहेत, आणि शाळेत कला चांगली शिकवली जाते याचा पुरावा म्हणून या परीक्षांचा निकाल दाखवण्याची पद्धत रूढ आहे. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा जो शिस्तशीर सराव या परीक्षांनी घडवला त्याचे मोल मोठे आहे. समोर ठेवलेल्या तांब्याच्या गळ्याचा लंबगोल बरोबर यावा यासाठी डोळ्याला लागलेले वळण आयुष्यभर टिकते. तथापि ही परीक्षा ऐच्छिक आहे, तिला शुल्क भरून निवडक मुले बसतात, ती केवळ दृश्यकलेची आहे, आणि दहावीत श्रेणीनुसार मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही बदललेली आहे. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी सहा जणांनी ‘ए’ ग्रेड मिळवली म्हणजे उरलेल्या चौतीस जणांचे कलाशिक्षण झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. परीक्षेची तयारी जरूर करून घ्यावी, पण ती कलेच्या नियमित तासात करून घेऊ नये.

मानक वर्गात उतरते म्हणजे नेमके काय होते हे एका उदाहरणाच्या आधारे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. वारली चित्रे आज राज्यातील असंख्य शाळांच्या भिंतींवर दिसतात. बहुधा असे होते की शिक्षक फळ्यावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढतात, वर एक वर्तुळ, खाली पायांच्या रेषा, आणि मुले ती आकृती वहीत दहा वेळा उतरवतात. तास संपतो, चित्रे नीटस दिसतात, उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद होते. या तासात मुलाने निर्मिती केली असे म्हणता येत नाही, कारण एकही निर्णय त्याने घेतलेला नाही. आस्वाद घेतला असेही म्हणता येत नाही, कारण मूळ चित्र त्याने पाहिलेलेच नाही.

हाच विषय क्षमतांकडे नजर ठेवून घेतला तर तो तीन-चार तासांचा होतो आणि त्याचे स्वरूप पालटते. पहिल्या तासात मुलांना जिव्या सोमा म्हसे यांच्या एखाद्या चित्राची मोठी छपाई किंवा मोबाइलच्या पडद्यावरील प्रतिमा दाखवावी आणि काही वेळ केवळ पाहू द्यावे. डहाणू-तलासरीच्या परिसरातील या परंपरेत पूर्वी मुख्यतः सुवासिनी लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर चौक लिहीत, आणि म्हसे यांनी ही कला त्या विधीच्या चौकटीबाहेर नेऊन जगभर पोहोचवली, ज्याबद्दल त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, एवढी माहिती सांगावी. मग प्रश्न विचारावेत: तारपा वाजवणारा कुठे आहे, नाचणाऱ्यांची रांग कशी वळत जाते, कोणाचे पाय उचललेले आहेत, कोणती गोष्ट चित्रात मुद्दाम मोठी काढलेली आहे. दुसऱ्या तासात कागद बाजूला ठेवून मुलांनी अंगणात हात धरून ते वळण स्वतः चालून पाहावे, म्हणजे नृत्य व हालचाल हे अंग आपोआप जोडले जाते आणि मानवी शरीर वाकले की त्रिकोण कसे कलतात हे मुलांना अंगाने कळते. तिसऱ्या तासात गेरू किंवा लाल माती कालवून जुन्या वर्तमानपत्रावर वा पुठ्ठ्यावर लावावी, तांदळाच्या पिठाची पांढरी पातळ खळ करावी, बांबूची काडी टोकाला ठेचून तिची लेखणी करावी, आणि मुलांनी आपल्या गावातील प्रसंग काढावा: पाण्याचा टँकर आल्यावरची गर्दी, बाजाराचा दिवस, क्रिकेटचा डाव, जो ज्याला सुचेल तो. खळ घट्ट झाली तर रेषा तुटते आणि पातळ झाली तर ओघळते, हे मुलाने स्वतः करून शिकावे. माध्यमाची ओळख ही क्षमता याच ठिकाणी दिसते. चौथ्या तासात सर्व चित्रे जमिनीवर मांडून प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राविषयी एक निरीक्षण सांगावे, आणि ही पद्धत वारली समाजाची आहे, आपण ती त्यांच्याकडून शिकत आहोत, ही जाणीवही याच तासात शब्दांत यावी. या चारही तासांसाठी शिक्षकाला उत्तम चित्रकार असण्याची आवश्यकता नाही; पाहायला लावणे, विचारणे आणि मुलांच्या निर्णयाला वाव देणे एवढे त्याला जमले पाहिजे.

प्रत्येक भागाला असे जवळचे साहित्य उपलब्ध आहे. सिंधुदुर्गात पिंगुळीची चित्रकथी, विदर्भाच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडीगंमत, कोकणात दशावतार आणि गोमंतकातील शाळांना धालो व फुगडी. आराखड्यांनी स्थानिक कलेवर दिलेला भर पाठ्यपुस्तकाची वाट न पाहता अमलात आणता येतो. गावातील भजनी मंडळाच्या पखवाजवादकाला महिन्यातून एकदा बोलावणे कोणत्याही शाळेला शक्य आहे, मात्र त्या दिवशी मुलांनी केवळ ऐकत बसू नये. केहरव्याच्या आठ मात्रा हाताने धराव्यात, मग अर्ध्या वर्गाने गावे आणि अर्ध्याने ठेका सांभाळावा, नंतर उलट करावे. नाट्याबाबत तर साहित्याचीही गरज नाही. मराठीच्या पाठातील संवाद दोन मुलांनी वेगवेगळ्या मनःस्थितीत म्हणून पाहिला तरी आवाज, विराम आणि देहबोली यांचे शिक्षण सुरू होते.

द्विशिक्षकी शाळांत, जेथे एकाच खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी बसते, तेथे एक गोष्ट ध्यानात घेतल्यास काम हलके होते. राष्ट्रीय आराखड्यातील ध्येये आणि क्षमता इयत्तेनुसार नसून स्तरानुसार आहेत, आणि तिसरी ते पाचवी हा एकच पूर्वतयारी स्तर आहे. त्यामुळे तिन्ही इयत्तांना एकच उपक्रम देणे ही तडजोड ठरत नाही, ती मांडणीशी सुसंगत अशीच गोष्ट आहे. तिसरीच्या मुलाकडून चित्रात एक प्रसंग अपेक्षावा, पाचवीच्या मुलाकडून त्यामागचे कारण सांगण्याचीही अपेक्षा ठेवावी.

मूल्यमापनाच्या बाबतीत राज्याची व्यवस्था कागदावर तरी कलेला अनुकूल आहे. पहिली ते आठवीसाठी 2010 पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. आकारिक म्हणजे शिकणे चालू असताना निरीक्षण, कृती, प्रात्यक्षिक, प्रकल्प इत्यादी तंत्रांनी केलेले मूल्यमापन, आणि संकलित म्हणजे सत्राच्या अखेरीस घेतलेले. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक पद्धतीने होते, म्हणजे या विषयांत परीक्षेचे दडपण नाही आणि शिक्षकाच्या निरीक्षणावर संपूर्ण विश्वास टाकलेला आहे. हा विश्वास वाया जातो तो वर्णनात्मक नोंदींपाशी. बाजारात मिळणाऱ्या किंवा शिक्षकांच्या गटांत फिरणाऱ्या तयार नोंदींच्या याद्यांमधून ‘चित्रे सुंदर काढतो’, ‘कलेची आवड आहे’ अशी वाक्ये उतरवली जातात, आणि ती कोणत्याही मुलापुढे लिहिली तरी चालतात, यावरूनच त्यांचा निरुपयोगीपणा कळतो. जत्रेचे चित्र काढलेल्या मुलाविषयी ‘पाळणा मोठा आणि लांबची माणसे लहान काढली, आकाश रंगवले नाही, विचारल्यावर तिथे धूळ उडत होती असे कारण दिले’ अशी नोंद केली, तर तीत अवकाशाची समज, रंगाचा निर्णय आणि त्यामागचा विचार या तिन्ही गोष्टी येतात. दर आठवड्याला सगळ्या वर्गाच्या अशा नोंदी करणे शक्य नाही. रोज तीन-चार मुलांवर लक्ष ठेवून महिन्याभरात प्रत्येकाची एक खरी नोंद झाली तरी ती तयार याद्यांपेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

श्रेणी द्यावीच लागते तेव्हा निकष आधी लिहून ठेवावेत आणि ते मुलांना सांगावेत. तालाच्या बाबतीत, इतरांबरोबर असताना ठेका धरता येतो ही पहिली पातळी, आधार काढून घेतल्यावरही लय टिकते ही दुसरी, आणि चुकलेल्या सोबत्याला सावरून घेता येते ही तिसरी, असे साधे टप्पे पुरेसे आहेत. आवाज गोड आहे की नाही हा निकष कोणत्याही पातळीत येऊ नये, कारण ते शाळेने शिकवलेले नसते.

दोन गोष्टी कलाशिक्षणाच्या नावाखाली चालतात पण त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांबाबत मुख्याध्यापकांनी विशेष दक्ष राहावे. पहिली म्हणजे कलासमेकित अध्ययन, अर्थात इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवणे, ज्याचा पुरस्कार 2020 च्या धोरणाने केला आहे. पाण्याचे चक्र चित्राने समजावणे किंवा शिवकालीन प्रसंग नाट्यरूपाने घेणे ही उत्तम अध्यापनपद्धती आहे, परंतु त्या तासात मूल्यमापन विज्ञानाचे किंवा इतिहासाचे होते, कलेच्या क्षमतेचे होत नाही. म्हणून असा तास कलेच्या तासिकेच्या खाती टाकू नये. दुसरी म्हणजे स्नेहसंमेलन. तीन आठवडे तालमी करून ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर बसवलेले नृत्य गावाला आनंद देते आणि तो आनंद नाकारण्याचे कारण नाही, पण मंचावर तीच ती धीट मुले दिसत असतील आणि बाकीची खुर्च्या मांडत असतील, तर शाळेने सर्व मुलांना दिलेले वचन त्या दिवशी मोडलेले असते. एखाद्या वर्षी नृत्यांची संख्या कमी करून वर्षभरात वर्गात बसवलेली गाणी, भारुडे आणि छोटे नाट्यप्रवेश संपूर्ण वर्गाने सादर करावेत. पालकांना आपले मूल दिसले की कार्यक्रमाची लांबी त्यांना खटकत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात या सगळ्याचा लेखी आधार आहे. कायद्यानुसार समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. त्या आराखड्यात बहुतेक ठिकाणी कुंपण, शौचालय, संगणक यांची नोंद असते; कलेसाठी एक स्वतंत्र परिच्छेद घालावा आणि त्यात आठवड्यातील तासिका, त्या कोणत्याही परीक्षेच्या काळात बदलल्या जाणार नाहीत असा ठराव, संयुक्त शाळा अनुदानातून कलासाहित्यासाठी राखलेली रक्कम, आणि गावातील कोणते कलावंत वर्षातून केव्हा येतील याचा तपशील लिहावा. पालक सदस्यांनी सभेत एवढेच विचारावे की गेल्या महिन्यात कलेचे किती तास ठरले होते आणि किती झाले.

पहिली-दुसरीपासून प्रत्येक मुलाची एक संचयिका ठेवावी, म्हणजे तारखेसह निवडलेल्या कामांची फाइल, ज्यात चित्रांबरोबर गाण्याच्या वा नाट्याच्या अनुभवाविषयी मुलाने सांगितलेली दोन वाक्येही असावीत. कामांची निवड मुलाला करू द्यावी आणि फसलेले एखादे कामही त्यात राहू द्यावे, कारण दोन वर्षांनी तेच पुढे गेलेले अंतर दाखवते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीला संपतात आणि मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, तेथील शिक्षकाला त्याच्या गुणांची माहिती मिळते पण त्याच्या कलेविषयी काहीच मिळत नाही. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ही फाइल मुलाच्या हाती द्यावी आणि नव्या शाळेच्या वर्गशिक्षकाने ती पहिल्याच आठवड्यात मुलासमवेत बसून पाहावी.